बॉबिनची घुरघुर

मिस्त्री तसा भित्रा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चालू मोटारीत बोट घालायचा, उघड्या वायरीला हात लावून करंट आहे की नाही ते बघायचा, आणि वेळ पडली तर बायकोला उलट उत्तरही द्यायचा. असल्या माणसाची हल्ली सकाळी सकाळी पाचावर धारण बसायची, आणि तीही कशासाठी, तर एका टोपलीत हात घालायचा असायचा म्हणून.

टोपली दुकानात होती. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. पूर्वी मिस्त्री उठला की तोंड धुवायच्या आधी शटर वर करायचा. आता तो पडद्याशीच थांबायचा. दिवा लावायचा नाही. नुसता कान द्यायचा. शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात त्याचा उभा जन्म गेलेला, कान असा तिखट की रस्त्यानं जाताना कुणाच्या खिडकीतून मशीनचा आवाज आला तरी हा थबकून म्हणायचा, "शटलला तेल नाही." लोक त्याला कानसेन म्हणत, ते काही उगीच नाही. तोच कान आता अंधारात टोपलीकडे लागलेला. काही ऐकू आलं नाही तर? या एका विचारानं छातीत इतकं धडधडायचं, की त्यापुढे दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. शेवटी मागून बायको म्हणायची, "अहो, जाताय की मी जाऊ?" मग हा डोळे घट्ट मिटून टोपलीत हात घालायचा. हाताला आधी ऊब लागायची, मग हाडं, आणि मग बारीक घुरघुर सुरू व्हायची.

"आहे गं!" तो ओरडायचा. "चालू आहे!"

टोपलीत असायची बॉबिन. बॉबिन म्हणजे त्यांची मांजर. आता शिलाई मशीनच्या रिळाचं नाव मांजराला कसं पडलं, ते सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी एका बाईनं जुनं मशीन टेबलासकट दुरुस्तीला पाठवलं होतं. मिस्त्रीनं टेबलाचा ड्रॉवर ओढला, तर आत दोऱ्यांच्या गुंत्यात मुठीएवढं राखाडी पिल्लू. मिस्त्रीनं बाईंना कळवलं, तुमचं पिल्लू आमच्याकडे आलंय. बाई म्हणाल्या, आमच्याकडे मांजर नाही, मशीन तेवढं लवकर द्या. पडद्याआडून बायकोनं फर्मान काढलं, "ते काही नाही, उद्याच्या उद्या परत करा!"

तो उद्या काही उजाडला नाही. पिल्लू ड्रॉपरनं दूध पिऊन मोठं झालं, कामाच्या टेबलावरच्या बॉबिना पळवून कपाटाखाली लपवायला लागलं, म्हणून नाव बॉबिन. बायको मात्र शब्दाला पक्की. मांजरानं रीळ सोडून दुकानभर दोरा पसरला, गिऱ्हाइकाच्या मखमलीवर लोळण घेतली, की हिचं ठरलेलं, "उद्या परत करा त्या बयेला." आणि तेच म्हणता म्हणता स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा खाली सरकवायचा. असली ही कडक बाई.

बॉबिनची जागा कामाच्या टेबलावर, दिव्याखाली. दुरुस्ती झाली की मिस्त्री एक चिंधी सुईखाली घालून मशीन चालवून बघायचा, आणि ते सुरू झालं की शेजारी बॉबिनही सुरू व्हायची. दोघांची घुरघुर एका सुरात. मग मिस्त्री पायडल सोडायचा आणि चाकावर तळवा ठेवून मशीन अलगद थांबवायचा. कचकन थांबवलेलं त्याला खपत नसे. "ज्यानं चालवलं त्यानंच हातानं थांबवायचं," हा त्याच्या दुकानातला कायदा. आणि मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना एकच वाक्य, "न्या. आता त्रास नाही."

की लगेच पडद्याआडून बायको, "कुणाला? मशीनला की गिऱ्हाइकाला?"

इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही. जुनी गिऱ्हाइकं तर पैसे देऊनही जरा घुटमळायची, बाईंचं ऐकून मगच पायरी उतरायची.

तर ही बॉबिन म्हातारी झाली. खाणं कमी झालं, पाणी मात्र ढसाढसा प्यायला लागली, आणि अंगावरचं मांस बघता बघता उतरलं. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, बरं होणारं दुखणं नाही, पण सलाईन देऊन काही काळ बरी ठेवता येईल. सलाईन दिलं. मांजर टवटवीत झाली, टेबलावर चढली, चक्क एक बॉबिन पळवली. मिस्त्रीला वाटलं, जिंकलो. पण थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा सलाईन, या वेळी निम्मीच टवटवी. त्याच्यापुढच्या वेळी तर तेवढीही नाही.

त्या दिवसांत मिस्त्रीनं स्वतःची तपासणी सुरू केली. मांजराच्या कुशीला कान लावायचा, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचा. येणारा जाणारा विचारायचा, "कशी आहे हो बॉबिन?" हा सांगायचा, "अंगानं उतरलीय, पण मोटार फर्स्ट क्लास. ऐका की!" आणि खरंच, मांजर पूर्वीपेक्षा जास्त घुरघुरत होती. दिवसा, टोपलीत एकटी असताना, कुणी हात लावलेला नसतानासुद्धा. मिस्त्रीच्या जिवात जीव यायचा तो त्या आवाजानं. भीती इतकी आत जाऊन बसली होती, की तो एक आवाज सोडला तर त्याला धरायला दुसरं काहीच नव्हतं.

बायको डोळ्यांनी वेगळंच बघत होती. "अहो, ती कपाटामागे जाऊन बसते हल्ली."

"थंडावा असतो तिथे."

"तोंडातून लाळ गळते तिच्या."

"म्हातारपण आहे."

"पाण्यापुढे बसून राहते नुसती, पीत नाही."

"घुरघुरते की नाही? मग! तुला आवाजातलं काय कळतंय?"

डॉक्टरबाईंनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, तर या पठ्ठ्यानं फोन करून कळवलं, कालपासून नुसती घुरघुर चाललीय, बरी आहे, आणत नाही. फोन ठेवला आणि बायकोकडे अशा रुबाबात बघितलं, जसं काही मोठं यंत्र सुरू करून आला. तिनं हातातलं काम खाली ठेवलं, टोपलीवर टॉवेल टाकला, टोपली उचलली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"परत करायला," ती म्हणाली आणि चालायला लागली. मिस्त्री शटर अर्धवट ओढून, तेलकट हातांनी, तिच्या मागे धावला.

दवाखान्यात पांढऱ्या टेबलावर बॉबिनला ठेवली. टेबलाच्या थंडगार पत्र्यावर तिचे पाय थरथरत होते, आणि ती घुरघुरत होती. डॉक्टरबाईंनी हलक्या हातानं तिचं तोंड उघडलं, आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"काका, तोंडात जखमा झाल्यात हिच्या. हिरड्यांवर, जिभेखाली. मूत्रपिंडं थकली की होतं असं. घास तोंडात गेला तरी आग होत असणार. पाण्यानंसुद्धा."

"पण घुरघुरते ना!" मिस्त्री म्हणाला. "ऐका तुम्ही. खुशीत असल्याशिवाय का घुरघुरते?"

डॉक्टरबाईंनी बॉबिनच्या पाठीवर हात ठेवला. तरुण होत्या, पण बोलताना घाई करत नसत. "काका, मांजर खुशीत असलं की घुरघुरतं, हे खरं. पण दुखत असतानाही घुरघुरतं. भ्यायलेलं असतानाही. स्वतःला धीर द्यायला म्हणा हवं तर. नुसत्या घुरघुरीवरून काही सांगता येत नाही."

मिस्त्रीच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याला त्या सगळ्या सकाळी आठवल्या. हात घालताच सुरू होणारी घुरघुर. दुपारी टोपलीत एकटीनं चालवलेली घुरघुर. आणि आपण कान लावून हसत होतो, लोकांना बोलावून ऐकवत होतो. ती काय सांगत होती आणि आपण काय ऐकत होतो! बायकोनं त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं.

डॉक्टरबाईंनी मग सगळं सरळ सांगितलं. इथे दाखल करून शिरेतून सलाईन चालू ठेवता येईल. पिंजऱ्यात राहावं लागेल, सुया टोचाव्या लागतील, त्यानं थोडे दिवस वाढतील, दुखणं जाणार नाही. नाहीतर घरी न्या, मी दुखणं कमी करायचं औषध देते, तोंडात घालायला सोपं आहे. पण पुढेपुढे तेही पुरणार नाही, आणि नुसती वाट बघत बसलात तर शेवट फार हालाचा होतो, झटके येतात. तिसरा मार्ग म्हणजे मी घरी येते आणि इंजेक्शन देऊन तिला शांतपणे मरण देते. "झोपवते असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "मरणच ते. तुम्हाला नीट कळून तुम्ही ठरवायला हवं. आत्ता औषध देऊन ठेवते. घरी जा, तिच्याकडे बघा, मग फोन करा. मात्र फार थांबू नका."

घरी आल्यावर मिस्त्रीनं काय करावं? शिंपीमास्तरांचं मशीन दुरुस्त होऊन कपड्याखाली झाकून ठेवलेलं होतं. ते त्यानं पुढे ओढलं आणि खोलायला घेतलं. काही बिघाड नसताना! एकेक स्क्रू काढला, पुसला, कागदावर मांडला. दोनदा स्क्रू घरंगळला. बायको सगळं बघत होती.

"अहो, ते झालं होतं ना?"

"आवाज येत होता एक."

"आवाज तुमच्या डोक्यात येतोय," ती म्हणाली. त्यानं पुढचा स्क्रू काढायला घेतला. आता टोपलीकडे जायचीच त्याला भीती वाटत होती. आधी भीती होती, घुरघुर ऐकू येणार नाही याची. आता ती ऐकू येईल याची. माणसानं जावं तरी कुठे?

रात्री त्यानं मशीन पुन्हा जोडून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीमास्तर ते न्यायला आले. मास्तर म्हणजे बोलघेवडा माणूस, तोंड आणि पाय एकाच वेळी चालणारा. बसले, चिंधी घातली, पायडल मारायला लागले आणि कुण्या गिऱ्हाइकाची तक्रार सांगायला लागले, की तिनं कपडा दिला एवढासा आणि झगा मागितला तेवढा. मशीन छान पळत होतं. मिस्त्री ऐकता ऐकता एकदम खेकसला.

"मास्तर! खाली बघा की जरा! दोरा कधीच तुटलाय. रिकामं चालवताय मघापासून."

मास्तरांनी चिंधी ओढून बघितली. तिच्यावर सुईची नुसती भोकं, टाका एकही नाही. "अरेच्चा! पण आवाज तर झकास येत होता, मिस्त्री."

"आवाज येणारच! दोरा तुटला म्हणून मशीन थांबतं थोडंच? किती वर्षं सांगतोय तुम्हाला, मशीनला कान द्यायचा, पण शिलाईला डोळे..."

आणि तो मधेच थांबला. तोंड उघडंच राहिलं. मास्तरांना वाटलं, फारच चिडला, म्हणून ते घाईघाईनं दोरा ओवायला लागले. मिस्त्री उठला आणि टोपलीपाशी जाऊन जमिनीवर बसला.

मास्तर स्वतःच मशीन उचलून घेऊन गेले. "आता त्रास नाही" कुणी म्हटलं नाही, आणि पडद्याआडूनही कुणी विचारलं नाही. मास्तर पायरीवर थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

त्या दिवशी मिस्त्रीनं पहिल्यांदा कान बाजूला ठेवून बॉबिनकडे नीट बघितलं. सोपं नव्हतं ते. दर थोड्या वेळानं त्याची नजर भिंतीवर पळायची आणि त्याला ती ओढून परत आणावी लागायची. जिला अंगावर एक केस वाकडा चालत नसे, त्या मांजराच्या पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. चाटणं केव्हाचं बंद पडलं होतं. औषधाचा अंमल होता तोवर ती डोळे अर्धे मिटून पडली, तो उतरला तशी उठली आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत गेली. मान खाली घातली, जीभ लावली, आणि चटका बसल्यासारखी मागे झाली. मग तिथेच बसून राहिली, पाण्यात बघत. तहान लागलेली आणि पिता येईना. मिस्त्रीनं तिला उचलून मांडीवर घेतली. घुरघुर सुरू झाली. त्यानं तिचे पंजे बघितले. आवळलेले होते, नखं बाहेर, जशी काही कशाला तरी धरून बसली होती.

"अगं, ये जरा इकडे," त्यानं हाक मारली. बायको येऊन शेजारी टेकली. "बघ हिचे पाय."

"बघितलेत मी. केव्हाचे बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! तुम्ही ऐकत होतात कुठे? तुम्ही तिला ऐकत होतात."

मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला भीती वाटते गं," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं असेल. "मशीन खोललं तर परत जोडता येतं. चुकलं तर पुन्हा खोलता येतं. हे एकदा हो म्हटलं की संपलं. उद्या वाटलं, की अजून चार दिवस ती जगली असती, तर मी कुणाकडे बघू?"

बायकोनं पदराशी चाळा केला. मग म्हणाली, "मलाही भीती वाटते. रोज उठून परत करा, परत करा म्हणत आले. आता खरंच परत करायची वेळ आली, तर माझी जीभ उचलत नाही. वाटतं, माझंच बोलणं लागलं तिला."

"वेडी आहेस का? तुझं बोलणं लागत असतं तर मी कधीच गेलो असतो."

ती रडता रडता हसली, आणि लगेच पुन्हा रडायला लागली. मग तिनं फोन आणून त्याच्या हातात दिला. मिस्त्रीनं नंबर लावला आणि मनातून वाटलं, लागू नये, कुणी उचलू नये, आजचा दिवस टळावा. पलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "डॉक्टर," तो म्हणाला. "घरी या," एवढंच तो शेवटी बोलला.

त्या दुपारी आल्या. मिस्त्रीनं शटर निम्मं खाली ओढलं होतं. कामाचं टेबल पुसून त्यावर जुना मऊ टॉवेल घातला होता आणि दिवा लावला होता. "तिची जागा आहे ही," तो म्हणाला, जसं काही परवानगीच मागत होता. बॉबिनला दिव्याखाली ठेवली. ती घुरघुरायला लागली. त्या बंद दुकानात तो आवाज एवढा मोठा वाटला, की मिस्त्रीला पळून जावंसं वाटलं. खरंच त्यानं पडद्याकडे एकदा बघितलं. पडद्याच्या अलीकडे बायको उभी होती, हाताची घट्ट मूठ करून. ती हलली नाही. मग तोही हलला नाही.

"दोन इंजेक्शनं आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिल्यानं ती गाढ झोपेल, तिला काही जाणवणार नाही. दुसरं तुम्ही सांगाल तेव्हाच."

पहिलं इंजेक्शन दिलं. बॉबिननं मान वळवून बघितलं, मग मान खाली ठेवली. घुरघुर हळू झाली, तुटक झाली, आणि थांबली.

"गेली?" मिस्त्री किंचाळलाच. "अहो गेली का? तुम्ही तर म्हणालात मी सांगेन तेव्हा..."

"नाही, काका, गेलेली नाही. हात ठेवा तिच्यावर."

त्यानं तळवा ठेवला. चाकावर ठेवायचा तसाच, अलगद. हाताखाली कूस हळूहळू वरखाली होत होती. घुरघुर नव्हती.

"मग आवाज का बंद झाला?"

"दुखायचं थांबलंय तिचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मिस्त्रीनं तिचे पंजे बघितले. ते उघडले होते. नखं आत गेली होती आणि बोटं सैल पडली होती, उन्हात झोपायची तेव्हा पडायची तशी. ज्या शांततेला तो इतके दिवस घाबरत होता, ती ही होती. घाबरण्यासारखं तिच्यात काहीच नव्हतं. उलट आता पुन्हा ती घुरघुर सुरू झाली तर, याचीच त्याला भीती वाटली. त्यानं बायकोकडे बघितलं. ती पुढे आली आणि तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

"द्या," तो म्हणाला. स्वतःच्या तोंडानं म्हणाला.

हाताखालची हालचाल मंद होत गेली, आणि मग थांबली. डॉक्टरबाईंनी नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. मिस्त्रीला तेवढ्यावर पटेना. त्यानं खाली वाकून बॉबिनच्या कुशीला कान लावला. कुणी त्याला अडवलं नाही. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला, डोळे मिटून. मग त्यानं मान वर केली. कानाला दोनचार राखाडी केस चिकटले होते.

"आता त्रास नाही," तो म्हणाला.

बायकोनं या वेळी "कुणाला?" असं विचारलं नाही.